तो बाहेर उभा राहून ऐकत होता

शास्त्रपाठ : लूक १४:३४ ते १५:३२



वरील शास्त्रपाठ पाहून आपणांपैकी काहींना छपाईची चूक झाली असे वाटेल. उधळ्या पुत्राचा दाखला लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात अकराव्या वचनापासून सुरू होतो. मग चौदाव्या अध्यायाची अखेरची दोन वचने कशासाठी? चूक झालेली नाही. कारण पुढे येईलच. त्यापूर्वी एक विनंती आहे. हा भाग घरातील कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावा आणि आपण पुस्तक मिटून तो केवळ ऐकावा. ज्यांना हे शक्य नसेल त्यांनी स्वतःच मोठ्याने वाचावा. एवढे करून मग पुढे वाचावे.

पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करणाऱ्याचा सारा दिवस अक्षरांत जातो. मूळ ग्रीक पाठ, चार-पाच मराठी भाषांतरे, शब्दकोश, टीपा, आणि सहकाऱ्यांनी समासात लिहिलेले आक्षेप. बंगळुरात राहून मी गेली अनेक वर्षे हेच करीत आलो आहे. बाहेर रस्त्यावर कन्नड, तमिळ, उर्दू, इंग्रजी यांचा कल्लोळ चाललेला असतो आणि आत मी एखाद्या मराठी क्रियापदाच्या रूपाविषयी तासभर विचार करीत असतो. अशा माणसाला हळूहळू वाटू लागते की वचन म्हणजे डोळ्यांनी पाहण्याची वस्तू. मलाही तसेच वाटू लागले होते, आणि त्यात काही वावगे आहे हे लक्षातही आले नव्हते.

गेल्या पावसाळ्यात लूकच्या पंधराव्या अध्यायाची तपासणी चालू असताना एका तरुण सहकाऱ्याने संगणकावर एक जुने ध्वनिमुद्रण लावले आणि म्हणाला, “सर, ओळखा पाहू.” प्रथम तव्यावर मोहरी तडतडावी तशी खरखर ऐकू आली. मग नदीच्या पलीकडच्या काठावरील माणसाला हाक मारावी तसा चढा, पुरुषी आवाज आला. कोणा एका माणसाला दोन मुलगे होते, असे तो मराठीत सांगू लागला. मी हातातील लेखणी खाली ठेवली. तो आवाज शंभर वर्षांपूर्वीचा होता.

या ध्वनिमुद्रिकांची हकीकत आपल्या मंडळ्यांतून फारशी कोणाला ठाऊक नसावी, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. जॉर्ज अब्राहम ग्रिअर्सन नावाचे एक आयरिश गृहस्थ हिंदुस्थानच्या सनदी नोकरीत होते. १८९४ साली त्यांनी या देशातील भाषांचे सर्वेक्षण हाती घेतले आणि ते १९२८ साली पूर्ण झाले. १७९ भाषा आणि ५४४ बोली त्यात नोंदल्या गेल्या. मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला व तो स्टेन कोनो या नॉर्वेच्या विद्वानाने सिद्ध केला. प्रत्येक बोलीचे नमुने गोळा करायचे तर सर्वांकडून सारखाच एक मजकूर वदवून घ्यावा लागतो, म्हणजे तुलना करता येते. तो मजकूर म्हणून ग्रिअर्सन यांनी निवडला उधळ्या पुत्राचा दाखला. कारण भक्तीचे नव्हते, व्याकरणाचे होते. या एका गोष्टीत तिन्ही पुरुषांची सर्वनामे येतात, नामाच्या बहुतेक विभक्ती येतात आणि वर्तमान, भूत व भविष्य हे तिन्ही काळ येतात. अशा रीतीने वऱ्हाडी, नागपुरी, कोकणी, हळबी अशा कितीतरी बोलींत तो एकच दाखला सरकारी ग्रंथात छापला गेला. ठाण्याकडील ख्रिस्ती लोकांची किरिस्ताव बोली, सामवेदी आणि वाडवळी यांचीही त्या खंडात नोंद आहे, हे वसईच्या वाचकांना ऐकून आनंद होईल.

पुढे १९१३ ते १९२९ या काळात याच सर्वेक्षणासाठी ग्रामोफोनच्या तबकड्यांवर माणसांचे आवाज घेण्यात आले. एका बाजूला सुमारे तीन मिनिटे मावत. त्यांतही अनेकांनी हाच दाखला सांगितला. आज शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीच्या द्वारे हे आवाज घरबसल्या ऐकता येतात. (गंमत अशी की ज्या म्हैसूर संस्थानाचा प्रदेश या शहराभोवती पसरला होता, ते संस्थान छापील सर्वेक्षणातून वगळलेले होते, आणि मी मात्र तो मराठी आवाज पहिल्यांदा ऐकला तो येथेच.)

खरे सांगायचे तर ऐकताना मला प्रथम थोडा रागच आला. प्रभू येशूने आपल्या पित्याचे हृदय ज्या दाखल्यात उघडे केले, तो दाखला विभक्ती-प्रत्यय तपासण्यासाठी वापरावा! त्यातही, ग्रिअर्सन यांनी स्वतःच नमूद केल्याप्रमाणे, येथील लोकांच्या भावना दुखावू नयेत म्हणून मजकुरात किरकोळ शाब्दिक बदल करण्यास मुभा होती. पुष्ट वासरू कापण्याचा प्रसंग कोणाला अडचणीचा वाटला असेल हे सांगायला नको. भाषांतरकाराला अशा बदलाची किंमत ठाऊक असते. थोरल्या मुलाची तक्रार अशी आहे की मला साधे करडूसुद्धा मिळाले नाही आणि याच्यासाठी मात्र वासरू. वासरू काढून तेथे नुसती मेजवानी घातली की करडाचा सल बोथट होतो.

परंतु दुसऱ्यांदा ऐकताना राग ओसरला. व्याकरणाला प्रथमपुरुषी एकवचन हवे होते, आणि या दाखल्यातील ‘मी’ काय बोलतो? तो आपले पाप कबूल करतो. ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर त्या माणसाला आणले गेले ते ती त्याची मातृभाषा होती म्हणून. त्याच्या श्रद्धेची चौकशी करण्याचे कारण नव्हते. तरीही स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या आईच्या भाषेत त्याला म्हणावे लागले की आपण स्वर्गाविरुद्ध व बापाविरुद्ध पाप केले आहे. शिवाय बोलण्यापूर्वी प्रत्येकाला एक गोष्ट ठरवावी लागली असणार, जी ग्रीक भाषेत ठरवावी लागत नाही : मुलगा बापाला ‘तू’ म्हणतो की ‘तुम्ही’? आम्ही भाषांतरकार त्यावर सभा घेतो. त्या माणसाने आपल्या घरात जसे ऐकले होते तसे म्हटले आणि पुढे गेला. आपला दाखला आपल्या मंडळीच्या भिंतींमध्येच फिरत असतो ही माझी समजूत होती. तो केव्हाच बाहेर पडला होता आणि कोणाच्या तरी चुलीजवळच्या बोलीत आरामात बसला होता.

आता शास्त्रपाठाच्या त्या दोन वचनांकडे येऊ. पवित्र शास्त्राचे आज आपण वापरतो ते अध्याय मूळ लेखकांनी पाडलेले नाहीत. ही विभागणी तेराव्या शतकातील असून तिचे श्रेय सामान्यतः कँटरबरीचे आर्चबिशप स्टीफन लँगटन यांना दिले जाते. ती सोयीची आहे, पण काही ठिकाणी तिने घराच्या मधोमध भिंत घातली आहे. चौदाव्या अध्यायाच्या शेवटी प्रभू मिठाविषयी बोलतो, आणि ज्याला ऐकायला कान आहेत त्याने ऐकावे असे सांगून थांबतो. तेथे अध्याय संपतो. आपण पुस्तक मिटतो, पुढच्या रविवारी पंधरावा उघडतो. पण लूक थांबलेला नाही. त्याच्या लगेच पुढच्या वाक्यात जकातदार व पापी लोक जवळ येत आहेत, कशासाठी? त्याचे ऐकण्यासाठी. ग्रीकमध्ये क्रियापद तेच आहे. प्रभूने ऐकण्याचे आवाहन केले आणि ज्यांची कोणाला अपेक्षा नव्हती ते उठून जवळ आले. परुशी व शास्त्री मात्र कुरकुर करू लागले. छापील पानावर मोठ्या अक्षरातील ‘अध्याय १५’ डोळ्यांना दिसतो आणि दुवा तुटतो. मोठ्याने सलग वाचले तर लहान मुलालाही तो ऐकू येतो.

हाच शब्द दाखल्यात आणखी एकदा, अगदी मोक्याच्या जागी येतो. पंचविसाव्या वचनात थोरला मुलगा शेतातून परत येत असता घराजवळ पोहोचतो आणि वाद्यांचा व नाचाचा आवाज ‘ऐकतो’. मग एका चाकराला बोलावून हे काय आहे म्हणून विचारतो. पाहा, त्यानेही ऐकले. त्यालाही कुतूहल वाटले. पण दाराबाहेर उभे राहून त्याने उत्तर मिळवले आणि उत्तर मिळाल्यावर तो आत गेला नाही. इतके मला गेली वीस-पंचवीस वर्षे ठाऊक होते व यावर मी पुष्कळदा उपदेशही केला होता. थोरला मुलगा म्हणजे परुशी, स्वतःच्या नीतिमत्त्वात गुरफटलेला, दुसऱ्याच्या आनंदाने कष्टी होणारा. एवढे सांगितले की दाखल्याचा अर्थ पुरा झाला, अशी माझी खात्री होती.

त्या तबकडीने एवढे केले की मला कपाटावरच्या एका पेटीची आठवण झाली.

माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणत असू, नेवासे तालुक्यातील खेड्यांतून सुवार्तिक म्हणून फिरत. शिक्षण सातवीपर्यंत. त्यांच्याजवळ पुठ्ठ्याचा एक ग्रामोफोन होता. आजच्या तरुणांना हे खरे वाटणार नाही, म्हणून सांगतो. जॉय रिडरहॉफ नावाच्या एक अमेरिकन मिशनरी बाई होंडुरास देशात काम करीत असताना आजारी पडून मायदेशी परतल्या. मागे राहिलेल्या खेड्यांना निदान आपला आवाज तरी पोहोचावा म्हणून त्यांनी स्पॅनिश भाषेत तबकड्या काढल्या, आणि १९३९ साली लॉस एंजल्स येथे गॉस्पेल रेकॉर्डिंग्ज ही संस्था सुरू झाली. जी भाषा ध्वनिमुद्रण करणाऱ्याला येत नाही, तिच्यातही ते काम करीत. दोन भाषा जाणणाऱ्या माणसाला मध्ये घेऊन एकेक वाक्य वदवून घ्यायचे, मग ती वाक्ये जोडायची. विजेशिवाय चालावे म्हणून पुढे त्यांनी घडीच्या पुठ्ठ्याचे यंत्र बनवले. तबकडी बोटाने किंवा पेन्सिलीने फिरवायची आणि पुठ्ठ्यातूनच आवाज निघायचा. या संस्थेचे काम आमच्या बंगळुरातूनही चालत आले आहे. आप्पा पारावर तो पुठ्ठा उघडत तेव्हा जी माणसे उपदेशाला कधी उभी राहिली नसती, ती ‘हे बोलतंय कसं’ म्हणून जवळ येत. तबकडीचा वेग बोटावर अवलंबून असल्यामुळे आवाज कधी रेड्यासारखा, कधी बोकडासारखा होई आणि पोरे हसून लोळत. मला त्या हसण्याची फार लाज वाटे.

खरी लाज वेगळीच होती आणि ती मी कबूल केली पाहिजे. मला आप्पांच्या भाषेची लाज वाटे. देवाचे वचन शुद्ध मराठीत असावे, ‘व्हतं’ आणि ‘न्हाय’ यांत नव्हे, अशी माझी ठाम समजूत होती. १९९५ साली मी धर्मशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी बंगळुरास आलो, तेव्हा ती समजूत अधिकच पक्की झाली. आप्पा २०१३ साली प्रभूकडे गेले. त्यानंतर थोरल्या भावाने एक पत्र्याची पेटी पाठवली, तिच्यात आप्पांच्या उपदेशांच्या नऊ कॅसेट होत्या. ती पेटी मी न उघडता कपाटावर ठेवली. ‘वेळ मिळाला की ऐकू’ असे म्हणत अकरा-बारा वर्षे गेली. शंभर वर्षांपूर्वीच्या एका अनोळखी माणसाचा आवाज मी लेखणी खाली ठेवून ऐकला आणि जन्मदात्याचा आवाज माझ्या डोक्यावर, अक्षरशः डोक्यावर, पडून होता.

कॅसेट वाजवणे सोपे राहिलेले नाही. एस. पी. रोडवरील एका दुकानात जुन्या टेपरेकॉर्डरचा पट्टा बदलून मिळाला. तीन कॅसेटमधील फितीमागची गादी सुटली होती, ती दुकानदाराने चिमट्याने पुन्हा चिकटवून दिली व पैसे घेतले नाहीत. पाचव्या कॅसेटवर आप्पांच्या हस्ताक्षरात लिहिले होते : ‘दोन मुलगे. १९९६.’

प्रथम कुत्रे भुंकल्याचा आवाज, मग बांगड्यांचा, मग आप्पा. ते दाखला वाचत नव्हते, सांगत होते. त्यांचा धाकटा मुलगा नगरला जाऊन पैसे उडवत होता. दुष्काळ आल्यावर तो १९७२ चा होता आणि माणसे खडी फोडायला जात होती. डुकरांच्या शेंगांपाशी आप्पा थोडे थांबले, कारण ऐकणाऱ्यांपैकी काहींच्या आजोबांनी ते काम केलेले होते. बाप धावत सुटतो तेथे आप्पांचा आवाज कापला. मग मेजवानी. मग थोरला शेतातून येतो. मी मनात पुढचा भाग तयार ठेवला होता : आता परुशी येतील. तेवढ्यात मागून एका बाईचा आवाज आला. तिने उपदेश मध्येच तोडला. ती म्हणाली, “आन् त्येला बोलवाया कुनीच न्हाय गेलं व्हय?”

फितीवर काही क्षण शांतता आहे. त्या शांततेत कुत्रे पुन्हा एकदा भुंकते. मग आप्पा म्हणतात, “न्हाय गेलं, आक्का. लिव्हलेलं तरी न्हाय.”

मी टेप थांबवली व ग्रीक नवा करार उघडला. मराठी सारी भाषांतरे उघडली. आक्काचे म्हणणे खरे होते. धाकटा परत आला, झगा आला, अंगठी आली, जोडा आला, वासरू कापले, वाद्ये वाजू लागली, नाच सुरू झाला. आणि या साऱ्या वेळात थोरला मुलगा शेतात होता. त्याला निरोप गेल्याचा एक शब्दही लूकने लिहिलेला नाही. घरात एवढा आनंद झाला आहे हे त्याला चाकराकडून, तेही स्वतः विचारल्यावर, कळले.

येथे मला आणखी एका गोष्टीने खजील केले. विद्यार्थी असताना मी केनेथ बेली यांचे ‘पोएट अँड पेझंट’ हे १९७६ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक वाचून भारावून गेलो होतो. बेली यांनी कितीतरी वर्षे मध्यपूर्वेत काढली आणि हे दाखले तेथील खेडुतांच्या कानांना कसे ऐकू येतात हे शोधून लिहिले. त्यांची मते मी माझ्या निबंधांत आदराने मांडली. परंतु नेवासे तालुक्यातील खेडुताला हा दाखला कसा ऐकू येतो, हे विचारावे असे मला एकदाही सुचले नाही.

आता कोणी म्हणेल, दाखल्यात सर्व तपशील नसतात. बापाने कोणाला पाठवलेही असेल, लूकने ते सांगितले नसेल. हे मान्य आहे. त्या बाईच्या प्रश्नावरून पित्याला दोषी ठरवणे चुकीचे होईल, कारण दाखल्याचा ओघ तसा नाही. पण प्रश्न रद्द होत नाही. त्या प्रश्नासह पुढील वचने पुन्हा ऐका. अठ्ठाविसाव्या वचनात बाप स्वतः उठून बाहेर येतो. यजमान पंगत सोडून अंगणात येतो, आणि तेथे जे क्रियापद आहे ते एकदाच विनवून थांबण्याचे नाही. तो विनवीत राहिला असा त्याचा काळ आहे. पवित्र आत्म्याला योहानाने जे नाव दिले आहे, ज्याचे आपण ‘कैवारी’ असे भाषांतर करतो, ते याच धातूपासून आले आहे. ज्याला बोलावणे गेले नव्हते त्याला बोलावण्यासाठी बाप आपल्या पायांनी येतो. धाकट्यासाठी तो धावला होता. थोरल्यासाठी तो अंधारात उभा राहतो.

थोरल्याच्या बोलण्याकडेही कान द्या. धाकट्याने वाटणी मागताना, सर्वांत उद्दाम क्षणीसुद्धा, ‘बाबा’ अशी हाक मारली आहे. थोरला ती हाक मारीतच नाही. तो एकदम ‘पाहा’ म्हणून सुरुवात करतो आणि आपण इतकी वर्षे गुलामी केली असे म्हणतो. त्याच्या वाट्याची मालमत्ता मात्र बाराव्या वचनातच त्याला मिळालेली आहे. बापाने वाटणी ‘त्यांना’, दोघांना करून दिली, एकाला नव्हे. आणि लूकने तेथे मालमत्तेसाठी जो शब्द घातला आहे त्याचा अर्थ ‘जीवन’ असाही होतो. हे सारे त्याच्या पदरात असून तो स्वतःला चाकर समजतो. उत्तरादाखल बाप त्याला काय म्हणतो? ‘मुला’ यासाठी साधा शब्द न वापरता तो लेकराला मारायची हाक मारतो. मराठीत ‘बाळा’ म्हणावे अशी ती हाक आहे. दिवसभर शेतात राबून आलेल्या, दाढीमिशा असलेल्या, संतापलेल्या माणसाला ‘बाळा’. ही हाक कागदावर दिसत नाही; कोणीतरी ती मोठ्याने म्हणावी लागते.

वाचकहो, आता जे लिहितो ते लिहिणे मला सोपे नाही. १९९८ साली मी पदवी घेऊन गावी गेलो तेव्हा मंडळीने संध्याकाळी माझा सत्कार केला. शाल, नारळ, भाषणे, मग गोडाचे जेवण. थोरला भाऊ नव्हता. तो रात्री उशिरा आला, कोणाशी न बोलता ओट्यावर झोपला आणि सकाळी मी उठण्यापूर्वी निघून गेला. मी मनाशी ठरवून टाकले की त्याला माझे शिक्षण खुपते. पुढे अनेक व्यासपीठांवरून थोरल्या मुलाचे वर्णन करताना माझ्या डोळ्यांसमोर त्याचाच चेहरा असे. त्याचे नाव मी कधी घेतले नाही. पण ‘आपल्या घरांतही असे थोरले असतात’ हे वाक्य मी विशेष जोर देऊन उच्चारीत असे. त्या दिवशी तो कांद्याला पाणी धरायला मळ्यात होता, कारण वीज संध्याकाळी येत असे. माझे शिक्षण त्या कांद्यावरच झाले होते. सत्काराची वेळ त्याला कोणी कळवली होती का, हा प्रश्न मला कधीच पडला नाही.

हा प्रश्न माझ्या घरापुरताच आहे असे मला वाटत नाही. बंगळुरात मराठी बोलणारी पुष्कळ कुटुंबे आहेत; कित्येक नोकरीसाठी आलेली, कित्येक पिढ्यान्‌पिढ्या येथलीच झालेली. आपली उपासना बहुधा रविवारी सकाळी असते. त्या वेळी रुग्णालयात पाळीवर असलेल्या परिचारिका, इमारतीच्या फाटकावर बसलेला पहारेकरी, दुसऱ्याच्या घरी स्वयंपाक करणारी बहीण ही सर्व शेतात असतात. वर्षाअखेर आपण त्यांची अनुपस्थिती मोजतो. आणि दुसरा एक प्रकार आहे, तो आमच्यासारख्यांचा. आम्ही दाराशीच उभे असतो, आवाज आमच्या कानी येतो, आत काय चालले आहे याची माहितीही आम्ही मिळवतो, कधीकधी त्यावर पुस्तकही लिहितो. पौलाने रोमकरांस लिहिताना विश्वास ऐकण्याने होतो असे सांगितले आहे. तेथील ग्रीक शब्दात ऐकण्याची क्रिया आणि ऐकलेला संदेश ही दोन्ही आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेले ख्रिस्तपुराणसुद्धा गोव्याच्या देवळांतून म्हणून दाखवले जाई, लोक ते ऐकत. आपण मराठी ख्रिस्ती लोक कानाने घडलेलो आहोत. मी मात्र तपासण्यासाठीच ऐकत आलो. व्याकरण बरोबर आहे का, सिद्धांत बरोबर आहे का, उच्चार शुद्ध आहे का. आक्काने तपासण्यासाठी ऐकले नाही. तिला त्या मळ्यातल्या माणसाची काळजी वाटली.

त्या कॅसेटचा उरलेला भाग ऐकण्यापूर्वी मी भावाला दूरध्वनी केला. आमचे बोलणे सणासुदीला होते, त्यामुळे तो प्रथम घाबरला. मी म्हटले, “दादा, आप्पांच्या कॅसेट ऐकतोय.”

“आत्ता?” तो म्हणाला. बारा वर्षांचा हिशेब त्या एका शब्दात होता.

मी दूरध्वनी टेपरेकॉर्डरजवळ धरला आणि त्या बाईचा प्रश्न त्याला ऐकवला. तो हसला. म्हणाला, “गिरणीवाली काकू. तिला मधी बोलायची खोडच व्हती. आप्पा लई खूश झालं व्हतं त्या दिवशी. घरी येऊन आईला सांगत व्हतं, आज काकूनं मला शिकवलं.”

“तू होतास तिथे?” मी विचारले.

“आरं, टेप कोन धरून बसलं व्हतं मंग? नऊच्या नऊ मीच भरल्यात. तू तवा बंगळूरला व्हतास.”

मग मी त्याला १९९८ च्या त्या संध्याकाळविषयी विचारले. तो बराच वेळ काही बोलला नाही. आवाज गेला की काय असे वाटून मी दोनदा ‘दादा, दादा’ म्हटले. अखेर तो म्हणाला की मोटर बंद करून येताना देवळापाशी आला तेव्हा गाणी चालली होती. पायाला चिखल होता. म्हणून तो बाहेर कडुनिंबाखाली बसून माझे भाषण शेवटपर्यंत ऐकत राहिला.

“चांगलं बोलला व्हतास,” तो म्हणाला. “आप्पांसारखं न्हाय, पन चांगलं.”

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी जाणार आहे. टेपरेकॉर्डर बरोबर नेणार आहे. राहिलेल्या चार कॅसेट ऐकलेल्या नाहीत. त्या आम्ही दोघांनी एकत्र ऐकायच्या असे ठरले आहे.